आळसाचा रोज: पन्नास रुपये

माढ्याहून आमच्या आप्पांचा फोन आला की पहिली दोन मिनिटं पाऊसपाण्याची आणि पुढची वीस मिनिटं मजुरांची. आप्पा माझे मामेभाऊ. वयानं थोरले, म्हणून मी ऐकून घेतो.

“माणूसच मिळंना झालंय बघ. गावात बाया हायत, गडी हायत, पण रानात यायचं म्हटलं की कुणी न्हाय. सरकारनं लाडक्या बहिणीचं म्हयन्याला पंधराशे चालू केलं आन् सगळ्या ओट्यावर बसल्या.”

“आप्पा, पंधराशे भागिले तीस किती?”

“पन्नास.”

“आणि तुम्ही खुरपणीला बाईला काय देता?”

“तीनशे. येळ पडली तर साडेतीनशे.”

“म्हणजे पन्नासासाठी ती तीनशे सोडते?”

पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग आप्पा म्हणाले, “लेका, तुला शेतीतलं काय कळतंय?”

कबूल. शेतीतलं मला काही कळत नाही. भागाकार मात्र चौथीत आला होता, तो अजून येतो.

तर पन्नास रुपये रोज हा महाराष्ट्रात माणूस, म्हणजे मुख्यतः बाई, आळशी होण्याचा सध्याचा दर आहे. पुण्यात एवढ्यात दोन वडापाव आणि एक कटिंग होतो. खोलीचं भाडं, गोडं तेल, गॅस, पोरांच्या वह्या हे सगळं त्या कटिंगमध्ये बुडवून खायचं. दात कोरून पोट भरत नाही असं आपल्या आज्या सांगत. नवं अर्थशास्त्र म्हणतं, भरतं. इतकं भरतं की माणूस उठतच नाही.

आप्पांना हसू नका. हे अर्थशास्त्र फार वरपर्यंत पोचलेलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचं प्रकरण चालू होतं. त्या सुनावणीत न्यायमूर्ती भूषण गवई यांनी निवडणुकीआधीच्या फुकट योजनांमुळे लोक काम करायला तयार नाहीत अशी खंत बोलून दाखवली, आणि महाराष्ट्रातल्या शेतकरी घरातला अनुभवही सांगितला. म्हणजे तेही आप्पाच, फक्त काळ्या डगल्यातले. विषय होता फुटपाथवर झोपणाऱ्यांचा. निघाला तो झोपण्याचाच. त्याच आठवड्यात एका बलाढ्य बांधकाम कंपनीच्या अध्यक्षांनीही तक्रार केली की सरकारी योजनांमुळे मजूर गाव सोडून यायला राजी नाहीत. लोकांनी आठवड्याला नव्वद तास काम करावं, असं महिनाभर आधी ज्यांना वाटत होतं, तेच हे गृहस्थ.

आणि याच्या दहा-बारा दिवस आधी, १ फेब्रुवारीला, केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा झाली होती की वर्षाला १२ लाखांपर्यंत कमावणाऱ्याला आयकर लागणार नाही. सरकारनंच सांगितलं, १२ लाखवाल्याचे ८० हजार वाचतील. महिन्याला साडेसहा हजारांच्या वर. चार लाडक्या बहिणी भागून वर चहापाणी उरतं. त्या दिवशी एकाही वाहिनीवर कुणी म्हणालं नाही की आता हे लोक ऑफिसला जायचे बंद होतील, कारकून फाइल उचलणार नाहीत, आयटीवाले लॅपटॉप उघडणार नाहीत. उलट सगळ्यांनी टेबल वाजवली. पैसा गरिबाच्या हातात गेला की आळस वाढतो. मध्यमवर्गाच्या हातात गेला की ‘मागणी’ वाढते.

असो. आप्पांच्या फोननंतर चारच दिवसांनी मला स्वतःलाच माणसं लागली. घरातलं बाथरूम फोडलं होतं. फरशांचा राडारोडा तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायचा, आणि तो लिफ्टमधून नेऊ द्यायचा नाही असा आमच्या सोसायटीचा ठराव आहे. लिफ्टला ओरखडे पडतात. माणसाला पडले तर त्याचा ठराव नाही. मिस्त्री म्हणाला, “माझी पोरं गावाला गेलीत. तुम्हीच अड्ड्यावरनं दोन बिगारी उचला.”

पुण्यात अशा चौकाला मजूर अड्डा म्हणतात, मुंबई-ठाण्याकडे नाका. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. मी सदर लिहिणारा माणूस, म्हणून पावणेदहाला पोचलो. पुलाखाली अजून साठ-सत्तर जण उरले होते. कुणाकडे फावडं, कुणाकडे घमेलं, सगळ्यांकडे पिशवीत डबा. स्कूटर स्टँडवर चढेपर्यंत पंधरा माणसं भोवती. आणि इथे मी घोडचूक केली. विचारलं, “किती घेणार?”

“आठशे.”

मागून कुणीतरी, “सातशे.”

कडेनं, “साडेसहाशे द्या साहेब, मला न्या.”

नुकतं मिसरूड फुटलेलं एक पोरगं पुढे घुसलं, “पाचशे. चला.”

मी अजून दुसरा शब्द बोललो नव्हतो. लिलाव मी पाहिलेत, पण भाव चढत जाणारे. हा उलटा लिलाव मिनिटभरात आठशेवरून पाचशेवर आला. मार्केट यार्डात कांदा इतका कोसळला असता तर दुपारपर्यंत रास्ता रोको झाला असता. इथे माणूस कोसळला आणि शेजारच्या टपरीवर चहा उकळत राहिला.

“माणूसच मिळंना झालंय बघ.”

शेवटी मी एक बाई आणि साठीकडे झुकलेले एक बाबा असे दोघं घेतले. बाबांचे सातशे, बाईंचे पाचशे. पोती तीच, जिने तेच. “बायांचा रोज पाचशेच असतोय,” बाबांनीच मला समजावलं. बाई-गडी समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला. त्या पुलाखाली यायला त्याला अजून रिक्षा मिळालेली नसावी. माझ्यातला समाजसुधारक जागा झाला. मी ऐटीत म्हटलं, “दोघांनाही सहाशे-सहाशे देतो.” बाबा थांबले. म्हणाले, “म्हंजी माझं शंभर काढून तिला?”

सरकारात गेलो असतो तर मी चाललो असतो.

दोघांना सातशे ठरले. त्यात माझं औदार्य काही नाही, बाबांनी वेळेवर हिशेब मांडला इतकंच.

घरी आल्यावर बाईंनी पिशवीतून जुन्या लुगड्याची पट्टी काढली, बोटांभोवती तीन वेढे देऊन चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. पोतं अर्धंच भरलं. पूर्ण भरलं तर जिन्याच्या वळणावर तोल जातो म्हणे. गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून ते डोक्यावर घेतलं आणि एक हात मोकळा ठेवून कठड्याच्या आधारानं उतरल्या. आपलाही हातभार म्हणून मी एक पोतं पूर्ण भरलं आणि कमरेतून वाकून उचललं. त्यानंतर तीन दिवस मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून होतो. सरकारी भाषेत त्यांना अकुशल म्हणतात. मी कुशल.

दुपारी चहाला बसलो तेव्हा बाबा बोलते झाले. महिन्यात पंधरा दिवस काम लागलं तर तो महिना चांगला. पावसाळ्यात आठ. “पूर्वी स्लॅब म्हटला की टेम्पो भरून नेत होते. चाळीस-चाळीस माणूस. घमेल्यांची रांग लागायची, रात्री जेवण बी असायचं. आता मालाची गाडी येती, पंप येतोय, नळी धरायला पाच-सहा जण. दुपारच्याला मोकळं.” हेच रानात. खुरपणीच्या आठ बायांचं काम तणनाशकाच्या एका पंपानं होतं, सोयाबीन-गहू कापायला यंत्र फिरतं, चारी खणायला जेसीबी. अकुशल काम गेलं कुठे, याचं उत्तर पिवळ्या रंगाचं आहे आणि ते गावोगाव उभं आहे. पण पिवळ्या यंत्राला आळशी म्हणता येत नाही. पंधराशेवालीला म्हणता येतं.

बाई नांदेड जिल्ह्यातल्या, मुखेडकडच्या. नवरा वारलेला, वडील त्याआधीच. त्यांचे पंधराशे थांबले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. आधी स्वतःचा आधार, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा, आणि दोन्हीकडे मोबाइलवर येणारा ओटीपी. बाई दोन सकाळी अड्डा सोडून सेवा केंद्राच्या रांगेत उभ्या राहिल्या.

“त्यो पोरगा म्हणला, मालकाचा ओटीपी सांगा. आता मेलेल्या माणसाचा ओटीपी कुठनं आणू?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला सरकारला काही आठवडे लागले. मग ठरलं की अशा बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला वगैरे अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. बाईंची अंगणवाडी मुखेडकडे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन सातशेच्या घरात. जायचा एक, तिथला एक, यायचा एक असे तीन रोज बुडणार. बावीसशे घालून पंधराशे चालू करायचे. बाईंनी तोही हिशेब मनाशी केला होता. “पर म्हयन्या-म्हयन्याला येतेत की,” त्या म्हणाल्या. पन्नास रुपयांना लोक भुलतात म्हणतात, ते असे.

बोटांचं आणखी वेगळंच. रेशनच्या यंत्रावर अंगठा उठत नाही. सिमेंट कालवून-कालवून रेघा गेल्या. त्यांनी तळवा पुढे केला. कातडी गुळगुळीत, चकचकीत, घासून पांढरी पडलेली, वहाणेच्या टाचेसारखी. दुकानदार सांगतो, तेल लावून या, दोन दिवस काम करू नका, मग उठेल. काम केल्याचा एवढा पक्का पुरावा कुठल्याही दाखल्यात नसेल, आणि यंत्राला नेमका तोच चालत नाही.

आणि हो, पोचायचं तिथे पैसे न पोचल्याची भरपाई दुसरीकडे झालेली आहेच. योजनेची छाननी केली तेव्हा १४ हजारांवर पुरुष लाडकी बहीण होऊन बसलेले सापडले. त्यांच्या ओटीपीला काही अडचण आल्याचं ऐकिवात नाही.

मी सवयीप्रमाणे सल्ला दिला. म्हटलं, तुम्ही विधवा, निराधार; तुम्ही तर संजय गांधी योजनेत बसता. आपल्याकडे गरीब माणूस योजनेत ‘बसतो’. बसून खातो असा समज त्यावरूनच झाला असावा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. महिना १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. एकवीस हजार, वर्षाला, अख्ख्या कुटुंबाचं. पुन्हा भागाकार: रोजचे सत्तावन्न रुपये. लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा, आणि जिला खरोखर कुणी नाही तिला एकवीस हजारांची. म्हणजे निराधाराचा दाखला मिळवायचा तर आधी आठ-दहा महिने उपाशी राहून दाखवायला हवं. अर्थात तसं कुणी राहत नाही, म्हणून दाखल्यावर सगळ्यांचं उत्पन्न वीस-एकवीस हजार निघतं. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, तरी गरिबाचं उत्पन्न बदलू न देण्याचं काम त्यांच्याकडेच राहिलं आहे.

आता यातली खरी मौज पाहा. रोजगार हमीच्या मजुरीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. एकवीस हजार भागिले तीनशे बारा. सदुसष्ट दिवस काम केलंत तर २०,९०४ रुपये, तुम्ही निराधार. अडुसष्टाव्या दिवशी घमेलं उचललंत की २१,२१६. साधार! केंद्राच्या कायद्याची हमी होती १०० दिवसांची. म्हणजे सरकारनं आपला एक शब्द पुरा पाळला तर माणूस सरकारच्याच दुसऱ्या शब्दातून बाहेर पडतो. तसं फारसं होत नाही, कारण पूर्ण शंभर दिवस काम थोड्यांच्याच वाट्याला येतं. दोन्ही खात्यांत इतका सुरेख समन्वय क्वचितच दिसतो.

बाबांची तऱ्हा उलटी. त्यांना गरीब नव्हे, कामकरी असल्याचा पुरावा द्यायचा आहे. बांधकाम कामगार मंडळात नोंद झाली तर पोरांना शिष्यवृत्ती, आजारपणाला मदत, सुरक्षेची पेटी, भांड्यांचा संच, बरंच काही मिळतं. मंडळाकडे पैसाही आहे, कारण बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसतो. अट एवढीच, की गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. बाबा रोज वेगळ्या मालकाकडे. माझ्यासारख्या. माझ्या एका दिवसाचा दाखला मी कुठल्या लेटरहेडवर देऊ? “एक जण म्हणला होता, दाखला काढून देतो, दोन हजार दे,” बाबा म्हणाले. “मी म्हणलं, तीस वर्सं स्लॅब टाकलेत, आता दोन हजार देऊन कामगार होऊ?” ते झाले नाहीत. अड्ड्यावरचे काही जण झाले. ज्यांनी कधी घमेलं धरलं नाही असेही काही जण झाल्याची अड्ड्यावर चर्चा आहे, पण ती चर्चा आहे.

तर बाईंनी आपण काही कमावत नाही हे सिद्ध करायचं आणि बाबांनी आपण काम करतो हे. दोघंही माझ्या बाथरूममध्ये एकच पोतं भरत होते.

हे सगळं इतकं वेडंवाकडं मुळात नव्हतं. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, यांनी साधी गोष्ट मांडली होती: जो काम मागेल त्याला सरकारनं काम द्यावं. १९७२ च्या दुष्काळानं ती कल्पना रस्त्यावर आणली. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला माणसं लोटली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात हात होते. लाल मिलो, सुकडी हे शब्द ज्यांना आठवतात त्यांना ती खडीही आठवते. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. केंद्राला तो उमगायला २००५ साल उजाडलं. आणि त्या काळीही बागायतदार म्हणतच होते की रोजगार हमीमुळे मजूर मिळत नाहीत. खडी फोडणाऱ्याला बसून खाणारा म्हणणं तेवढं जरा जड गेलं असेल. आप्पांचे वडील, म्हणजे माझे मामा, हेच वाक्य म्हणत. योजना बदलते, वाक्य घराण्यात राहतं.

या हमीचा खर्च शहरांनी उचलावा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या कागदावर ‘पी. टी.’ म्हणून दिसतो तो. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. संविधानानंच अडीच हजारांची कमाल घालून दिली आहे आणि ती १९८८ पासून जागची हललेली नाही. महिना पंधरा हजारवाला गडीही अडीच हजार भरतो, पंधरा लाखवालाही अडीच हजारच. पुन्हा भागाकार करू? दिवसाला सात रुपये. या सात रुपयांवर ‘आमच्या टॅक्सच्या पैशांवर लोक मजा मारतात’ हे वाक्य वर्षभर, तेही पुन्हापुन्हा, वापरायला मिळतं. एवढं स्वस्त वाक्य बाजारात दुसरं नाही.

कमी पगाराचं काम नको म्हणून लोक बसलेत, असंही एक मत आहे. हे मत मांडणाऱ्यांनी मंत्रालयाच्या कँटीनमध्ये एकदा चहा प्यावा. २०१९ च्या सुरुवातीला बातमी आली होती: तिथल्या वेटरच्या १३ जागांसाठी सात हजार अर्ज. शिक्षणाची अट चौथी पास. निवडले गेले त्यात बहुतेक पदवीधर. २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजार जागांना सतरा लाखांवर अर्ज. त्याच वर्षी जुलैत मुंबईत कलिन्याला विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती ठेवल्या, तर इतकी पोरं लोटली की कागद घेऊन त्यांना परत पाठवावं लागलं. ट्रंका उचलायच्या कामासाठी. ही मंडळी आळशी असतील तर कष्टाळू लोक दिसतात तरी कसे?

आणि चौथी पासच्या जागेवर पदवीधर बसला की चौथी पास कुठे जातो? तो पुलाखाली येतो, साडेसातला. पूर्वी त्याला वॉचमनची नोकरी मिळायची. आता त्यालाही दहावीचं मार्कलिस्ट, पोलीस पडताळणी आणि गणवेशाचे पैसे आगाऊ लागतात. डिलिव्हरीचं काम म्हणावं तर स्वतःची गाडी, लायसन आणि बऱ्यापैकी मोबाइल हवा. अकुशल कामाचं भांडवलच आता लाखाच्या घरात गेलंय.

आता आप्पांकडे परत येऊ. मी त्यांना पुन्हा फोन लावला, कारण एक शंका राहिली होती.

“आप्पा, वहिनींनी लाडकीचा फॉर्म भरलाय का?”

“भरलाय की. केशरी कार्ड हाय आपलं.”

बारा एकर बागायत. सुरुवातीला पाच एकरांची अट होती, ती निघाली. दारात चारचाकी असेल तर पैसे नाहीत, पण ट्रॅक्टर त्या अटीत धरत नाहीत. पीएम किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार आप्पांच्या खात्यावर, म्हणजे महिन्याला हजार. पाच एचपीची मोटर, तिचं बिल सरकार भरतं. यातलं काहीही मिळू नये असं माझं म्हणणं नाही. गेली दोन वर्षं भावात त्यांनी जे गमावलं त्यापुढे हे काहीच नाही. मी फक्त विचारलं, “मग तुम्ही रानात जायचं बंद केलंत का?”

“येडा का खुळा तू?”

“आणि वहिनींनी?”

आप्पा खो खो हसले. “ती कशाला बंद करती? पहाटं पाचला धारा काढायला उठती.”

सातबारा वहिनींच्या नावावर असता तर त्यांना पीएम किसान आणि नमोचे मिळून हजार मिळाले असते आणि लाडकीचे पाचशेच, कारण सगळं मिळून पंधराशेच्या वर द्यायचे नाहीत असा नियम. सातबारा आप्पांच्या नावावर, म्हणून वहिनींना पुरते पंधराशे. सातबाऱ्यावर नाव नसल्याचा बाईला झालेला हा बहुधा पहिलाच फायदा. आणि रात्रंदिवस राबणाऱ्या त्या बाईच्या हातात नवऱ्याला न विचारता येणारे तेवढेच पैसे.

मी म्हटलं, “आप्पा, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, मुखेडच्या. खुरपणी, वेचणी सगळं येतं. पाठवू का माढ्याला? खोली द्याल? महिनाभर काम द्याल?”

“महिनाभर? आरं, मला मंगळवार-बुधवार दोन दिस पायजेत. लई तर तीन. ऱ्हायचं त्यांचं त्यांनी बघावं.”

एवढंच. मजूर मिळत नाही म्हणजे मंगळवारी मिळत नाही. बुधवारी संध्याकाळनंतर पुढच्या बोलावण्यापर्यंत बाईंनी काय खायचं, हा प्रश्न आप्पांचा नाही. न्यायालयाचाही नाही. ते ‘बाजार’ बघतो.

दिल्लीला मात्र आप्पांचं ऐकू गेलं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला. हमी १०० वरून १२५ दिवस झाली, आणि सोबत राज्यांना पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवायची सोय, रानाला मजूर मिळावेत म्हणून. कामाची हमी मजुराला होती. आता मजुराची हमी मालकालाही. आप्पांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदाच सरकारबद्दल बरं बोलले.

तेव्हा, ज्यांना ज्यांना माणूस मिळत नाही त्यांच्यासाठी सूचना. आपापल्या शहरातल्या मजूर अड्ड्यावर जावं, पुलाखाली किंवा चौकात. सकाळी साडेसात ते साडेनऊ, रविवारीसुद्धा. गडी आठशे, बाई पाचशे. पण दोघांना एकच रोज द्या, आणि बाबांचे शंभर काढून नको. दहानंतर गेलात तर भाव आपोआप पडलेला असेल, तो तुम्ही आणखी पाडू नका. दुपारचा चहा आपल्याकडून. पोतं मात्र अर्धंच भरा.